आकडे आहेत, एककं नाहीत : ओपन सोर्स प्रकल्पात डॉक्युमेंटेशन कोणी आणि कधी लिहायचं?

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, एका प्रश्नावर तुमची मतं हवी आहेत, आणि सविस्तर हवी आहेत.

कृष्णेच्या पाणीपातळीवर लक्ष ठेवणारा एक छोटा ओपन सोर्स (म्हणजे कोड कोणालाही बघता-बदलता येईल असा) प्रकल्प आम्ही काही जण सांभाळतो. २०१९ च्या महापुरानंतर इथल्याच मुलांनी तो सुरू केला. ती मुलं पुढे नोकरीसाठी बाहेर गेली आणि रेपो (प्रकल्पाच्या कोडचा साठा) आमच्याकडे आला. काम साधं आहे. पातळीचे जाहीर आकडे घ्यायचे, साठवायचे आणि ठरलेली रेघ ओलांडली की नोंदणी केलेल्या लोकांना संदेश पाठवायचा. कोड नीटनेटका आहे, चाचण्याही आहेत. डॉक्युमेंटेशन म्हणाल तर रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) इन्स्टॉल कसं करायचं तेवढं आहे.

सेटिंगच्या फाइलमध्ये एकाखाली एक आकडे आहेत : ४०, ४५, ५१९.६, १०५.२५. एकक कुठेच नाही. सांगलीच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ५१९.६ ही अलमट्टीची पूर्ण संचय पातळी, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. १०५.२५ हा कोयनेचा पूर्ण साठा, टीएमसीत. म्हणजे एकाच फाइलमध्ये फूट, मीटर आणि अब्ज घनफूट.

दुसऱ्या राज्यातल्या एका मुलीने आपल्या गावच्या नदीसाठी हा कोड घेतला आणि मदत म्हणून आम्हाला एक पुल रिक्वेस्ट (हा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) पाठवली. पातळीचे सगळे आकडे मीटरमध्ये आहेत असं धरून तिने एककांचं रूपांतर जोडलं होतं. तिला दोष देता येणार नाही. केंद्रीय जल आयोगाचे पूरपातळीचे आकडे समुद्रसपाटीपासून मीटरमध्येच येतात, तिने तेच गृहीत धरलं. तपासताना आमच्यातल्या एकाच्या ते लक्षात आलं म्हणून बरं. तो बदल मर्ज झाला असता, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला गेला असता, तर २०१९ सारखं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तरी प्रोग्राम ४५ मीटरची वाट बघत राहिला असता आणि एकही संदेश गेला नसता.

तेव्हापासून डॉक्स, म्हणजे डॉक्युमेंटेशन, लिहायचं आम्ही मनावर घेतलंय. पण लिहायचे कोणी? आम्ही, ज्यांना सगळं माहीत आहे, की नवीन येणारी मुलं? आणि ते शिळे होऊ नयेत म्हणून काय करायचं? मराठीत लिहावेत का, हाही प्रश्न आहेच.

विश्रामबाग

हा त्रास सगळीकडेच आहे. ओपन सोर्सचा कोड जिथे ठेवतात त्या गिटहबने २०१७ मध्ये ओपन सोर्समधल्या लोकांची मोठी पाहणी केली होती, साडेपाच हजारांहून जास्त जणांनी उत्तरं दिली. अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन ही अडचण आपल्याला दिसते, असं ९३ टक्के लोकांनी सांगितलं. आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले की आम्ही डॉक्समध्ये क्वचितच किंवा कधीच भर घालत नाही. त्यामुळे 'कोणीतरी लिहील' या भरवशावर राहू नका.

आज रात्रीच त्या फाइलमध्ये प्रत्येक आकड्यासमोर एकक लिहा. बाकीची चर्चा नंतर करू.

माहुलीसंगम (सातारा)

विश्रामबागशी सहमत, आणि त्याच्याही पुढे जा : एकक नावातच घाला. नुसतं 'धोका' नको, 'धोका_फूट' लिहा. टिप्पणी पुसली जाते, नाव सहजासहजी पुसलं जात नाही.

कधी लिहायचं याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे : ज्या बदलात कोड येतो त्याच बदलात डॉक्स यायला हवेत. नंतर लिहू म्हणून बाजूला ठेवलेले डॉक्स लिहिले गेलेले मी फारसे पाहिले नाहीत. ज्या मोठ्या प्रकल्पांच्या डॉक्सचं नाव घेतलं जातं, तिथे हाच नियम दिसतो. वेबसाइटी बनवायच्या जँगोमध्ये नवीन सुविधा पाठवायची तर तिच्यासोबत चाचण्या लागतात, डॉक्स लागतात, आणि ही सुविधा कोणत्या आवृत्तीपासून आली याची खूण लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसचं मॅन्युअल कोडच्याच रेपोमध्ये राहतं, आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीचं मॅन्युअल वेगळं मिळतं. तुमच्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती असेल तर तिचंच मॅन्युअल उघडता येतं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची मंडळी तर मॅन पेजमधली (कमांडच्या माहितीपानातली) चूक हा कोडमधल्या बगइतकाच गंभीर बग मानतात.

ही सवय नवी नाही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं प्रोग्रामर्स मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं आहे, ती घडवणाऱ्या थॉम्पसन आणि रिची यांचं. त्यातल्या पानांवर 'बग्ज' असा मथळा असायचा, आपल्या कमांडमध्ये काय बिनसतं ते करणाऱ्यानेच तिथे लिहायचं. आजही मॅन पेज उघडलं की तो मथळा भेटतो. माझ्या मते डॉक्युमेंटेशनच्या इतिहासातली ही सगळ्यात प्रामाणिक प्रथा आहे, आणि तुमच्यासारख्या प्रकल्पाला तिचीच गरज सर्वात जास्त आहे.

तुमच्या पुल रिक्वेस्टच्या साच्यात एक ओळ घाला : 'या बदलामुळे डॉक्समधलं कोणतं पान बदललं?' उत्तर 'कोणतंच नाही' असेल तर का नाही, तेही लिहायला लावा.

कासपठार

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आम्हाला सगळीकडे सांगतात की ओपन सोर्समध्ये शिरायचं असेल तर डॉक्सपासून सुरुवात करा, ते सोपं असतं. मी तसं करून पाहिलं. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या पाठवल्या, काही मर्ज झाल्या. पण त्यातून ना प्रकल्प कळला, ना कोणाला फार उपयोग झाला असं वाटलं. कृष्णाकाठ सर, तुमच्या प्रकल्पात नवख्याने डॉक्स लिहिलेले चालतील का?

तंबोरा_मिरज

कासपठार, प्रश्न चांगला विचारलास. तुला दिलेला तो सल्ला अर्धाच बरोबर आहे असं मला वाटतं, आणि उरलेल्या अर्ध्याने बरंच नुकसान केलंय. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला योगदान द्यायच्या वार्षिक उपक्रमाच्या वेळी काय झालं ते आठवा. टी-शर्ट मिळतो म्हणून हजारो मुलांनी लोकांच्या रीडमीमध्ये एखादं विशेषण घालून पुल रिक्वेस्टी पाठवल्या. मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) इतके वैतागले की तो महिना सुरू होऊन काही दिवस होतात तोच आयोजकांना नियम बदलावा लागला : जो प्रकल्प स्वतःहून सहभागी होईल त्याच्याच पुल रिक्वेस्टी धरायच्या. डॉक्स म्हणजे कोणीही हात लावावा असं हलकं काम, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे.

इथे मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढणारे कारागीर कुठलंही पुस्तक वाचून शिकलेले नाहीत. शेजारी बसून, कान देऊन शिकले. चुकलं की वस्ताद तिथेच हात धरून दाखवतो. ओपन सोर्समध्ये हा शेजार नसतो. कोड लिहिणारा सांगलीत, वाचणारी दुसऱ्या राज्यात, दोघांची कधी गाठ पडायची नाही. शेजारी बसून जे आपोआप कळलं असतं ते सगळं इथे लिहूनच द्यावं लागतं, आणि ते ज्याला माहीत आहे तोच लिहू शकतो. ४५ हा आकडा कुठून आला हे कासपठारने कितीही मेहनत घेतली तरी त्याला कोडमधून कळणार नाही.

मग नवख्याचं काम काय? त्याने अडायचं, आणि कुठे अडला ते नोंदवायचं. हे काम जाणता माणूस करूच शकत नाही, कारण तो अडतच नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या ध्वनिचित्र धड्यांच्या प्रकल्पात स्क्रिप्ट तयार झाली की तो विषय न शिकलेल्या माणसाकडून ती तपासून घेतात. तो वाचत वाचत करून बघतो, जिथे थांबला तिथे स्क्रिप्टमध्ये काहीतरी राहिलंय असं धरतात. दुरुस्ती लिहिणारा करतो. मला ही वाटणी एकदम पटते.

कृष्णाकाठ

तंबोरा, हे नेमकं आहे. आमच्याकडे आजवर उलटंच चाललंय. मुलं आली की त्यांना आम्ही रीडमी लिहायला बसवायचो आणि आम्ही कोडमध्ये. त्यांनी कोडमध्ये जे दिसतं तेच वाक्यांत लिहिलं : 'हे फंक्शन पातळी आणतं.' ते फंक्शनच्या नावावरूनही कळतं. रीडिंग आलं नाही तर शून्य का धरत नाही, आधीचं रीडिंग का ठेवतो, वेळ भारतीय प्रमाणवेळेत का साठवतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं तर ती लिहिणार कुठून?

कासपठार, तुला निमंत्रण. रविवारी रेपो उतरवून घे, आम्हाला काही न विचारता चालू करायचा प्रयत्न कर, आणि जिथे अडशील तिथे तेव्हाच इश्यू (रेपोतली अडचणीची नोंद) लिही. अडचण सुटली तरी इश्यू लिहायचाच, सुटल्यावर ती विसरायला होते. उत्तर आम्ही इश्यूत देणार नाही, डॉक्समध्ये लिहून त्या पानाचा दुवा देऊ.

कासपठार

नक्की. रविवारी बसतो.

पेव_हरिपूर

थोडं विरुद्ध मत मांडतो. मी एका मोठ्या कोड लायब्ररीच्या (इतरांनी वापरायच्या तयार कोडच्या) डॉक्सवर बराच काळ काम केलंय, आणि माझा अनुभव असा की जास्त डॉक्स म्हणजे चांगले डॉक्स नव्हेत. चार माणसांच्या प्रकल्पात तीस पानं लिहिलीत तर पुढच्या वर्षी त्यातली निम्मी खोटी होतील, आणि चुकीचं पान कोऱ्या पानापेक्षा घातक असतं. कोऱ्या पानावर माणूस निदान विचारतो तरी.

म्हणून जे यंत्राकडून तपासता येईल ते यंत्राकडे द्या. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत डॉकटेस्ट २००१ पासून आहे : डॉक्समध्ये लिहिलेलं उदाहरण खरोखर चालवून उत्तर जुळतंय का ते बघतं. रस्ट भाषेत तर हे अंगवळणीच पडलेलं आहे, तिच्या कार्गो या साधनाची टेस्ट कमांड दिली की टिप्पण्यांमधली उदाहरणंही कंपाइल होऊन चालतात. तुमचा प्रकल्प पायथनमध्ये असेल तर फुटांचे मीटर करणाऱ्या फंक्शनखाली ४५ फूट म्हणजे १३.७१६ मीटर असं उदाहरण टाका. उद्या कोणी आत काही बदललं तर चाचणी लाल होईल, म्हणजे नापास होईल.

आणि डॉक्स एका जातीचे नसतात हे आधी ठरवा. दानिएले प्रोचिदा यांनी डायटॅक्सिस नावाने मांडलेली चार भागांची वाटणी मला कामाची वाटते : शिकवणारा धडा, एखादं काम उरकण्यासाठीच्या पायऱ्या, संदर्भ, आणि स्पष्टीकरण. चारही एकाच रीडमीमध्ये कोंबले की कोणालाच काही सापडत नाही. तुम्हाला चारही आत्ता नकोत. संदर्भात एककांचं एक पान आणि स्पष्टीकरणात 'का' सांगणारी दोन-तीन पानं. इतकंच लिहा, पण ते खरं ठेवा.

माहुलीसंगम

पेव यांच्याशी बऱ्यापैकी सहमत. फक्त 'का' सांगणारी पानं शिळी होण्याची भीती बाळगू नका. मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये निर्णयनोंदींची एक पद्धत सुचवली होती. एका निर्णयाला एक छोटी फाइल, तिला क्रमांक, आणि आत परिस्थिती काय होती, काय ठरवलं, सध्या तो निर्णय लागू आहे का आणि त्याचे परिणाम काय. निर्णय बदलला तर जुनी फाइल पुसायची नाही. तिच्यावर 'आता अमुक क्रमांकाचा निर्णय लागू' असं लिहून नवी फाइल करायची. म्हणून ती नोंद खोटी होत नाही. त्या दिवशी आपण असं का ठरवलं एवढंच ती सांगते, आणि ते नंतरही खरंच असतं.

कमिटचा (कोडमधल्या प्रत्येक बदलासोबत नोंदवायचा) संदेशही यातच धरा. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, पॅच (बदल) पाठवताना आधी अडचण काय होती ते लिहावं लागतं, म्हणून जुन्या कोडच्या एखाद्या ओळीचा माग काढत गेलं की तिच्यामागचं कारण बहुतेक वेळा सापडतं. 'फिक्स' एवढाच संदेश लिहिणाऱ्या मुलांना मी पुल रिक्वेस्ट परत पाठवतो. रागावतात, पण सहा महिन्यांनी तीच मुलं दुसऱ्यांना परत पाठवायला लागतात.

चाफळखोरे

हल्ली एआयला कोड दिला की तो डॉक्स लिहून देतो. मग एवढा खटाटोप कशाला?

तंबोरा_मिरज

चाफळखोरे, कोड काय करतो ते तो लिहून देईल, आणि भाषा सफाईदार असेल. पण त्या फाइलमध्ये ४५ एवढंच लिहिलेलं असेल तर फूट आहे की मीटर हे त्याला तरी कुठून कळणार? तो अंदाज करेल, आणि त्या मुलीने केला तसाच करण्याची शक्यता जास्त. तिने निदान पुल रिक्वेस्टमध्ये 'असं धरलं आहे' हे लिहिलं होतं, म्हणून पकडता आलं. मसुदा करायला वापरा, हरकत नाही. पण प्रत्येक वाक्याखाली सही जाणत्या माणसाची हवी.

आष्टा_नाका

मराठीचं बोलतो, कारण तो प्रश्न मागेच राहिलाय.

डॉक्स कोणासाठी, त्यावर भाषा ठरवा. कोडमध्ये बदल करणाऱ्यासाठी इंग्रजी ठेवा, ती दुसऱ्या राज्यातली मुलगी मराठीत लिहिलेलं वाचणार नाही. पण संदेश ज्यांच्या फोनवर जातो, ज्या गावात कोणीतरी हा प्रोग्राम चालवतो, त्यांच्यासाठी मराठीच हवी, आणि ती इंग्रजीवरून ओढून आणलेली नको. ग्रामपंचायतीचा ऑपरेटर, पतसंस्थेतला संगणक बघणारा पोरगा, यांना नजरेसमोर ठेवून लिहा. पडद्यावर बटण इंग्रजीत असेल तर मराठी वाक्यातही त्याचं तेच नाव ठेवा. स्पोकन ट्युटोरियलच्या मराठी धड्यांत आवाज मराठी आणि पडदा इंग्रजीच असतो, आणि शिकणारा कुठे हरवत नाही. बटणाचं भाषांतर केलंत की माणूस पडद्यावर ते शोधत बसतो.

मराठी पानं इंग्रजीवरूनच करायची झाली तर स्फिंक्स वापरा. पायथनच्या डॉक्ससाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी केलेलं हे साधन २००८ पासून आहे, आणि त्याला गेटटेक्स्टच्या (वाक्यागणिक भाषांतराची फाइल ठेवायच्या) पद्धतीने भाषांतर जोडता येतं. मूळ वाक्य बदललं की भाषांतराच्या फाइलमध्ये त्या नोंदीवर 'फझी' (संदिग्ध) असा शिक्का बसतो, आणि तपासून होईपर्यंत वाचणाऱ्याला मूळ इंग्रजी वाक्य दिसतं. पुराच्या प्रकल्पात मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जुनं मराठी वाक्य दिसण्यापेक्षा नवं इंग्रजी दिसलेलं बरं, कारण निदान कोणाला तरी विचारून घेता येतं.

विश्रामबाग

+१. बटणांच्या नावांबद्दल तर दहा वेळा +१.

कासपठार

रविवार झाला. इश्यू टाकलेत. सगळ्यात जास्त वेळ गेला तो नमुन्याच्या डेटात. त्यात काही रकाने रिकामे आहेत, मी ते शून्य भरून चालवलं आणि 'पाणी ओसरलं' असा संदेश आला. रिकामं म्हणजे रीडिंग आलं नाही, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. आणि सातारचा असल्यामुळे मला आयर्विनचे ४० आणि ४५ ऐकून माहीत होते, पण ते नेमके कुठून मोजतात ते माहीत नव्हतं.

कृष्णाकाठ

कासपठार, मनापासून आभार. आमच्यातल्या कोणालाही हे दिसलं नसतं. रिकाम्या रकान्याचं पान तयार झालंय, दुवा इश्यूत दिलाय. आणि माहुलीसंगम सरांनी सांगितलेल्या पद्धतीने पहिली निर्णयनोंद लिहिली. इंग्रजी प्रत रेपोत आहे, मराठी मसुदा इथे टाकतो. कृपया दोष दाखवा.

निर्णय १ : सांगलीची पातळी फुटांत ठेवणे.
परिस्थिती : सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळच्या मोजपट्टीवर फुटांत सांगितली जाते. प्रशासन, वर्तमानपत्रं आणि नागरिक हाच आकडा वापरतात. केंद्रीय जल आयोगाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते. दोन्हींचं शून्य वेगळं आहे, त्यामुळे फुटांचे मीटर केले तरी एकावरून दुसरा आकडा मिळत नाही.
निर्णय : साठवण आणि संदेश दोन्हींत मोजपट्टीवरचे फूट. आयोगाचा आकडा वेगळ्या रकान्यात, वेगळ्या नावाने.
स्थिती : लागू.
परिणाम : दुसऱ्या ठिकाणासाठी वापरताना तिथली मोजपट्टी आणि तिथले इशाऱ्याचे व धोक्याचे आकडे स्वतंत्र द्यावे लागतील. उदाहरणार्थ, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेसाठी ते ३९ आणि ४३ फूट आहेत. सांगलीचे आकडे तिथे चालणार नाहीत.

पेव_हरिपूर

छान. शून्य वेगळं असल्याचं वाक्य ठळक करा. 'फुटांचे मीटर केले की झालं' असं पुढचाही कोणी धरणार. आणि माझं ते १३.७१६ चं उदाहरण टाकलं असेल तर त्याखालीही हे लिहा, नाहीतर त्यानेच गोंधळ वाढेल.

सखल_भाग

मी प्रोग्रामर नाही. तुमचे संदेश माझ्या फोनवर येतात म्हणून धागा वाचत होते. मसुद्यात एक गोष्ट राहिली आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा भागांत ४० फुटांच्या बऱ्याच आधी पाणी येतं. तुमचा इशाऱ्याचा संदेश येईपर्यंत आमच्याकडे सामान हलवून झालेलं असतं, किंवा व्हायला हवं. नव्या माणसाला वाटेल की संदेश आला नाही म्हणजे धोका नाही. कृपया हे कुठेतरी लिहा.

माहुलीसंगम

ताई, मी वर 'बग्ज' मथळ्याचं म्हणालो होतो, त्यात लिहायची ही पहिली नोंद. कृष्णाकाठ, हे फक्त 'परिणाम'मध्ये टाकून भागणार नाही. प्रोग्रामर ती फाइल वाचेल, ताईंचे शेजारी वाचणार नाहीत.

कृष्णाकाठ

बरोबर. नोंदणी झाल्यावर जो पहिला संदेश जातो त्यात घालतो, आणि मराठी मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर. वाक्य असं केलंय : 'हा संदेश आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांवर गेल्यावर येतो. सखल भागात त्याआधीच पाणी शिरू शकतं. संदेश आला नाही म्हणजे तुमचा भाग सुरक्षित आहे असं समजू नका, प्रशासनाच्या सूचना पाळा.' पुल रिक्वेस्ट उघडी आहे. सखल_भाग ताई, तुमच्या होकाराशिवाय मर्ज करणार नाही.

सखल_भाग

'शिरू शकतं' नको, 'शिरतं' लिहा. बाकी ठीक.